काळोखाची खोली

आजोळच्या घरात माजघराला लागून एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. कधीकाळी ती बाळंतिणीची खोली होती. पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली आणि तिथे आमसुलांच्या बरण्या, फणसाची साठं, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या गोवऱ्या आणि कुणी न मागितलेल्या गोधड्या येऊन राहिल्या. सगळे तिला काळोखाची खोली म्हणत. मागच्या अंगणाकडे उघडणारं एक दार तिला होतं, पण ते अडसर घालून कायमचं बंद केलेलं. त्या दाराच्या फळीतली एक गाठ निखळून पडली होती आणि तिथे करंगळीच्या टोकाएवढं भोक राहिलं होतं.

मे महिन्याच्या दुपारी पडवीत निजानीज झाली की आम्ही मुलं त्या खोलीत शिरायचो. पहिल्यांदा काहीच दिसत नसे. मग हळूहळू समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर मागचं अंगण उमटायचं, तेही उलटं. आभाळ खाली, जमीन वर. माडांचे शेंडे जोत्याकडे लोंबतायत. दोरीवर वाळत घातलेली लुगडी वाऱ्याने वरच्या दिशेने फडफडतायत. आणि मामी कळशी घेऊन विहिरीकडे निघाली की ती आढ्याजवळून, डोकं खाली पाय वर करून, संथपणे सरकत जायची. तिच्या कळशीचा, कडीचा, जोडव्यांचा आवाज मात्र दारामागून अगदी सरळ यायचा. कानाला एक मामी आणि डोळ्याला दुसरी. रंग फिके, धुवट, पण खरे. लुगड्याचं हिरवं हिरवंच दिसायचं.

या खोलीचं नाव लॅटिनमध्ये शब्दशः सांगायचं तर 'कामेरा ऑब्स्क्युरा'. कामेरा म्हणजे खोली, ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी. युरोपात शेकडो वर्षं चित्रकार आणि ज्योतिषी ज्या युक्तीने सूर्य, ग्रहणं, रस्ते आणि देवळं पडद्यावर उतरवत होते तिचं हे नाव. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीची डबी झाली, डबी फोनमध्ये गेली. या प्रवासात नावातलं विशेषण गळून पडलं. 'अंधारी' गेली, 'खोली' उरली. त्यामुळे लग्नाच्या मांडवात अक्षता पडत असताना शंभर माणसं हात उंचावून जे धरतात, त्याचं नाव मुळात फक्त 'खोली' एवढंच आहे.

पण खोली हाही या शब्दाचा पहिला अर्थ नव्हे. ग्रीकांकडे तो 'कामारा' होता आणि तेव्हा त्याला दार नव्हतं, भिंती नव्हत्या. डोक्यावर वाकून आलेलं काहीही म्हणजे कामारा. हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बाबिलोनच्या श्रीमंत बायकांविषयी लिहिलं तेव्हा त्या देवळाकडे ज्या झाकलेल्या गाड्यांतून जात, त्या आच्छादनाला हाच शब्द वापरला. काळ्या समुद्राच्या काठचे चाचे अरुंद, हलक्या होड्या वापरत. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो की ग्रीक लोक त्या होड्यांना कामारा म्हणत. नावाचा उलगडा रोमन इतिहासकार टॅसिटसच्या वर्णनातून होतो. पितळेचा किंवा लोखंडाचा एकही खिळा नसलेल्या त्या होड्या. समुद्र खवळला की लाटेच्या उंचीप्रमाणे बाजूंना फळ्या चढवत जायच्या, इतक्या की शेवटी त्या वर एकमेकींना भिडून होडीवर छप्परच तयार व्हायचं.

अवेस्तातला 'कमरा' म्हणजे कमरपट्टा आणि फारसीतला 'कमर', म्हणजे आपली कंबर, यांना काही भाषाशास्त्रज्ञ या कामाराशेजारी बसवतात. वाकणं, वळणं, वेढणं हा समान धागा. काहीजण मात्र ही सोयरीक मानत नाहीत. कमानही कानाला या घराण्यातलीच वाटते. पण नुसत्या कानाच्या भरवशावर नाती जुळवू नयेत. कॅमेरा हा शब्द अरबीतून युरोपात गेला अशी एक कथा अशीच कानोकानी पसरलेली आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास इब्न अल-हैथमने अंधाऱ्या जागेत भोकातून शिरणाऱ्या प्रकाशाचा जो अभ्यास केला, त्याचं ऋण युरोपावर आहेच. शब्द मात्र त्याच्या जन्माआधी सुमारे चौदाशे वर्षं ग्रीकांच्या गाड्यांवर आणि होड्यांवर वाकून बसलेला होता. अरबांकडे घराला वेगळा शब्द आहे, 'बैत', आणि त्याचा दुसरा अर्थ शेराच्या दोन ओळी. इटालियनमध्ये खोलीला 'स्तांझा'ही म्हणतात आणि कवितेच्या कडव्यालाही स्तांझाच. कवितेला आत शिरून बसण्याची जागा मानावं हे दोन वेगळ्या समुद्रकाठच्या लोकांना आपापलं सुचलं.

रोमनांनी कामारा घेतला आणि त्याचा 'कामेरा' केला. त्यांच्याकडेही बराच काळ त्याचा अर्थ कमानदार छत एवढाच होता. वास्तुविद्येवर लिहिणारा विट्रूव्हियस असं छत कसं करायचं ते एखाद्या मुकादमाच्या बारकाईने सांगतो. एकमेकींपासून दोन फुटांच्या आत पट्ट्या लावा. त्या सुरूच्या जातीच्या सायप्रसच्या असाव्यात, कारण फरचं लाकूड लवकर कुजतं. पट्ट्यांना बाक द्या. मग बोरू ठेचून, गवताच्या दोऱ्यांनी त्या पट्ट्यांना करकचून बांधा आणि खालून गिलावा करा. कारवीचा कूड बांधून, शेणमातीने लिंपलेल्या भिंती ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही कृती ओळखीची वाटेल. फरक एवढाच की रोमन माणसाने तो कूड उचलून डोक्यावर धरला होता. ज्या शब्दातून आज काच आणि धातू चमकतात, त्याच्या पोटात असा बोरू आणि सुंभ आहे.

याच छताने एकदा खुनाचा प्रयत्नही केला. सम्राट नीरोला आईपासून, अग्रिप्पिनापासून, सुटका हवी होती. इसवी सन ५९मध्ये त्याने तिच्यासाठी एक खास जहाज करवून घेतलं. ते बुडून तरी ती मरावी किंवा 'कामारा' कोसळून तरी मरावी, असा बेत होता, असं सुएटोनियस लिहितो. कामारा म्हणजे इथे तिच्या कक्षाचं छत. टॅसिटसच्या मते त्यावर शिसं लादलं होतं. ठरल्या क्षणी छत कोसळलं, पण पलंगाच्या उंच बाजू मजबूत निघाल्या आणि भार त्यांनी पेलला. अग्रिप्पिना पाण्यात उतरली, पोहत सुटली, घरी पोचली. मग मुलाने शिपाई पाठवले. त्यांना छताची गरज पडली नाही.

छताची खोली कधी झाली याला तिथी नाही. अर्थ असे मुहूर्त काढून बदलत नाहीत. आपणही म्हणतोच, मुंबईत डोक्यावर छप्पर मिळालं, आणि आपल्याला भिंतीही मिळाल्या असं त्यात गृहीत असतं. वाड्यात तीन चुली आहेत म्हटलं की तीन कुटुंबं मोजली जातात. तसंच काहीसं झालं असावं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये कामेरा खोली झाली, आणि लॅटिनची मुलंबाळं वेगळी निघाली तेव्हा प्रत्येकाने ती खोली आपल्याबरोबर नेली, आणि शेजाऱ्यांनीही ती उसनी घेतली. फ्रेंचांची शांब्र, पोर्तुगीजांची कामरा, जर्मनांची काम्मर. रशियात कामेरा म्हणजे तुरुंगातली कोठडी, आणि रेल्वे स्टेशनवर सामान ठेवायची जागाही. हंगेरीत काम्रा म्हणजे लोणची-मुरंब्यांचं कोठार. आजोळची आमची खोली लॅटिनपेक्षा हंगेरियन अर्थाने जास्त कामेरा होती म्हणायची.

इटलीत हा शब्द अजून घरीच राहतो. हॉटेलच्या काउंटरवर 'कामेरा' मागितला तर खोलीची किल्ली मिळते. नवराबायको असतील तर 'कामेरा मात्रिमोनियाले', लग्नाची खोली, म्हणजे साधी डबल बेडची. पूर्वी खोलीची उस्तवार करणारा नोकर तो 'कामेरिएरे'. आज तोच शब्द उपाहारगृहातल्या वेटरसाठी. नाटकवाल्यांची रंगपटाची जागा 'कामेरिनो'. सायकलच्या दुकानात 'कामेरा दार्या' म्हटलं तर दुकानदार ट्यूब काढून देतो, कारण ती हवेची खोली. थोर माणसाचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवतात ती 'कामेरा आर्देंते', जळती खोली, मेणबत्त्यांमुळे. आणि वर्तमानपत्रात नुसतं 'ला कामेरा' असलं की ते संसदेचं कनिष्ठ सभागृह, रोमच्या मोंतेचितोरियो राजवाड्यात भरणारं. आपणही सभा 'गृहा'तच भरवतो. एवढ्या सगळ्या कामेरांत फोटो काढणारा कामेरा मात्र इटलीत सहसा नाही. त्याला ते 'मॅकिना फोतोग्राफिका' म्हणतात, फोटोचं यंत्र. जगाला नाव पुरवून घरच्यांनी ते स्वतः घेतलं नाही.

खोलीतलं संगीत ही कल्पनाही त्यांचीच. 'म्युझिका दा कामेरा'. चर्चचं नव्हे, नाटकगृहाचं नव्हे, दिवाणखान्यातल्या बैठकीचं. सोळाव्या शतकात फ्लोरेन्समध्ये काउंट जोव्हान्नी दे बार्दी यांच्या घरी काही विद्वान आणि गवई जमत. ग्रीक लोक आपली नाटकं गात असतील का, असतील तर कशी, यावर रात्री जागवत. त्या मंडळींना 'कामेराता' म्हणतात, एका खोलीत बसणारे. त्यांच्या बोलण्यातून पुढे ऑपेरा निघाला, जो कुठल्याच खोलीत मावला नाही. १६००मध्ये याकोपो पेरीचं 'एउरिदिचे' रंगमंचावर आलं आणि मग प्रत्येक शहराला प्रचंड नाटकगृहं बांधावी लागली.

एका खोलीत राहणाऱ्यांचा स्पॅनिश शब्द त्याहून लांब गेला. 'कामारादा' म्हणजे एका खोलीत मुक्काम करणारी शिपायांची तुकडी, मग त्यातला एकेक शिपाई, मग सोबती. फ्रेंचांकडून तो इंग्रजांकडे गेला, आणि युरोपभरच्या समाजवाद्यांनी एकमेकांना हाक मारायला उचलला. १९२८च्या संपाच्या काळात गिरणगावात लाल बावट्याच्या सभांतून तो घुमायला लागला, 'कॉम्रेड' म्हणून. तिथे हा शब्द जितका अक्षरशः खरा होता तितका क्वचितच कुठे असेल. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष लालबाग-परळच्या चाळीत एकेका खोलीत पंधरा-वीसजण राहत. रात्रपाळीचा परतला की दिवसपाळीचा उठायचा आणि तेवढीच वळकटी पुन्हा पसरली जायची. ट्रंका भिंतीला, दोरीवर पैरणी, जेवण खाणावळीत. इटालियन डाव्यांनी मात्र कॉम्रेडसाठी खोलीचा शब्द टाळला. तो, 'कामेराता', मुसोलिनीच्या लोकांनी आपसात वापरायला घेतला होता. डाव्यांनी 'कोंपान्यो' ठेवला, म्हणजे एका भाकरीतले. एक शब्द खोलीवरून, दुसरा खाणावळीवरून. गिरणी कामगाराकडे दोन्ही होती आणि दोन्हीचं भाडं थकलेलं होतं.

पोर्तुगीजांबरोबर आलेली वाट वेगळी. १५१०मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर तिथे लिस्बनच्या धर्तीवर नगरसभा उभी राहिली, 'सेनादो दा कामरा'. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर कामेरा आधी कारभाराच्या रूपात उतरला. हिंदीतला 'कमरा' हाही पोर्तुगीज कामराच. मराठीने तो फारसा जवळ केला नाही, कारण आपल्याकडे खोली, दालन, माजघर, देवघर, कोठी अशी भरपूर जागा होती. हिंदी सिनेमाच्या गाण्यातून तो ऐकू येतो तेव्हा तो परदेशी असल्याचं कुणाच्या मनातही येत नाही. खोली आपण त्यांची घेतली नाही, पण त्यांची किल्ली घेतली. 'चावी' पोर्तुगीज 'शावे'वरून आली आणि शावे लॅटिन 'क्लाविस'वरून.

आणि ही खोली व ही चावी रोममध्ये अजून एकत्र नांदतात. पोप निवडायला कार्डिनल जमतात ते 'कॉन्क्लेव्ह'मध्ये. कोन क्लावे, किल्लीसकट, म्हणजे कुलूपबंद खोली. १२६८मध्ये चौथा क्लेमेंट वारला आणि व्हितेर्बो गावात जमलेल्या कार्डिनलांचं एकमत जवळजवळ तीन वर्षं होईना. गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, खाणं तोडलं, आणि शेवटी राजवाड्याचं छप्परच काढून टाकलं असं सांगतात. १२७१मध्ये दहावा ग्रेगरी निवडला गेला. त्याने तीनच वर्षांत नियम करून कोंडण्याची पद्धत कायम केली, छप्पर काढण्याची नव्हे. एप्रिल २०२५मध्ये पोप फ्रान्सिस गेले तेव्हाही त्यांच्या निवासाच्या दारांना मोहोर लावली ती 'कामेरलेंगो'ने. कामेरलेंगो म्हणजे खोलीचा कारभारी. एक पोप गेल्यापासून दुसरा येईपर्यंत रिकाम्या खोलीची जबाबदारी त्याच्यावर.

फ्रेंच शांब्रचा इंग्रजीत चेंबर झाला आणि तोही आपल्याकडे आला. मराठीत त्याला चमत्कारिक दोन घरं मिळाली. एक कोर्टाच्या आवारात, जिथे वकीलसाहेब काचेच्या दारामागे पक्षकाराला बसवून ठेवतात. दुसरं रस्त्याच्या पोटात. "चेंबर तुंबलंय," एवढं म्हटलं की पुण्यात कुणीही वकिलाकडे जात नाही. महापालिकेचा माणूस येतो, पहार घालून लोखंडी झाकण सरकवतो, लांब बांबूच्या पट्ट्या आत ढकलतो. एकदा आमच्या गल्लीत असं झाकण निघालं तेव्हा मी वाकून पाहिलं. आतली गटाराची वीट जुनी होती आणि ती वरून कमानीने बांधलेली होती. विट्रूव्हियसच्या व्याख्येत गल्लीतल्या एकाही फ्लॅटला कामेरा म्हणता आलं नसतं. त्या गटाराला आलं असतं.

कोर्टातला चेंबर आणि फोटोचा कॅमेरा यांची गाठ पडते ती 'इन कॅमेरा'मध्ये. न्यायाधीश एखादं प्रकरण सर्वांसमोर न चालवता आपल्या खोलीत चालवतात, ते लॅटिनमध्ये इन कामेरा. बलात्काराचे खटले असे बंद दाराआड चालवावेत असं कायदाच सांगतो. पण मराठी वर्तमानपत्रात शेजारच्या रकान्यात दुसरी बातमी असते. नातेवाइकांनी 'इन कॅमेरा' शवविच्छेदनाची मागणी केली. तिथे अर्थ असतो, व्हिडिओ काढा, पुरावा ठेवा, सगळ्यांना दिसू द्या. तेच दोन शब्द, एकीकडे कुणी पाहू नये म्हणून, दुसरीकडे सगळ्यांनी पाहावं म्हणून. ही चूक आहे म्हणून शुद्धलेखनवाले रागावतात. मला ती चूक म्हणवत नाही. ज्या माणसाचं माणूस संशयास्पद मेलंय त्याला बंद खोलीची भीती वाटते, आणि त्याने बंद खोलीच्याच शब्दातून उजेड मागून घेतला.

मराठीने या शब्दाशी आणखी एक खोडी केली. लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, रशियनमध्ये खोली म्हणून हा शब्द सगळीकडे स्त्रीलिंगी. आपल्याकडे आल्यावर तो शेवटच्या आकारामुळे घोडा, दरवाजा, पंखा यांच्या पंगतीत जाऊन बसला आणि 'तो कॅमेरा' झाला. त्याचे कॅमेरे झाले, तो कॅमेऱ्यात, कॅमेऱ्याने, कॅमेऱ्यासमोर असा चालवता येऊ लागला, आणि दऱ्या-सुऱ्यांना लागणारा तो मराठीचा खास वाकडा 'र'ही त्याला मिळाला. चेंबर नपुंसकलिंगी. कॉम्रेड तो किंवा ती. एका आईची मुलं, आणि घरात तिन्ही लिंगं.

पेटीच्या रूपातला कॅमेरा मुंबईला फार लवकर पोचला. १८५४मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या फोटोग्राफरांपैकी. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल वाढताना चित्रित केला. घरातल्या खोलीत एक कुंडी, तिच्यासमोर दुसरी इवली खोली, आणि दिवसांमागून दिवस थोडं थोडं उघडणारं तिचं झाकण. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर बाहेरून आणण्याऐवजी कॅमेरा स्वतःच बनवला. सुतारकामाची आणि चित्रकलेची जाण असलेल्या माणसाला हे जमावं यात एक न्याय आहे. शेवटी बांधायची होती ती खोलीच.

'कामेरा ऑब्स्क्युरा' हे नाव १६०४मध्ये खगोलशास्त्रज्ञ केपलरने वापरलं. त्याआधी नेपल्सचा जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता अशा खोलीत पाहुण्यांना बसवून बाहेर उन्हात माणसांकडून शिकारीचे आणि लढाईचे देखावे करवून घ्यायचं वर्णन करतो. केपलर मात्र खोलीलाच बाहेर घेऊन गेला. १६२०मध्ये हेन्री वॉटन नावाचा इंग्रज राजदूत त्याला लिंट्झ शहरात भेटला. तिथे त्याने केपलरने काढलेलं एक निसर्गचित्र पाहिलं आणि ते कसं काढलं असं विचारलं. केपलरने हसून सांगितलं ते वॉटनने तत्त्वज्ञ बेकनला कळवलं. काळ्या कापडाचा एक लहानसा तंबू, एकाच माणसाला जेमतेम पुरेल असा. पवनचक्कीसारखा हव्या त्या दिशेला फिरवता येणारा. त्याला एक भोक, भोकात नळी, नळीत भिंग, आणि आत कागद. दिसेल तसं गिरवायचं, तंबू थोडा वळवायचा, पुन्हा गिरवायचं. आजोळच्या खोलीला असं वळवता आलं असतं तर आम्ही मामीमागोमाग विहिरीपर्यंत गेलो असतो.

तो तंबू डोळ्यापुढे आला की मला नेहमी वाटतं, यात भोक करतं काय? उघड्या अंगणात प्रत्येक पानावरून, प्रत्येक लुगड्यावरून उजेड सगळीकडे उधळलेला असतो. बाहेरच्या भिंतीच्या प्रत्येक ठिपक्यावर माडही पडतो, विहीरही पडते, मामीही पडते. सगळ्यांची चित्रं एकमेकांवर चढून बसतात आणि भिंत नुसती पांढरी दिसते. चित्र नसतं असं नाही, चित्रं फार असतात. बारीक भोक त्यांतलं एकही काढत नाही. ते प्रत्येक ठिपक्यासाठी एकच किरण आत सोडतं आणि बाकीच्यांना बाहेर थांबवतं. अंधार आणि अडवणूक, एवढ्यावर सगळं अंगण भिंतीवर येतं. पाहणं म्हणजे डोळे सताड उघडणं, असं आपण समजतो. हे यंत्र त्याच्या नावापासूनच सांगतंय की आधी बंद करावं लागतं. किती बंद करायचं आणि केवढं भोक ठेवायचं, एवढाच प्रश्न. भोक मोठं केलं तर अंगण जास्त उजळ दिसतं आणि ओळखू येईनासं होतं.

डोळ्यालाही आपण कॅमेऱ्याची उपमा देतो. शरीरशास्त्रज्ञांनी मात्र बुबुळाच्या पुढच्या, पाण्याने भरलेल्या जागेला लॅटिनमध्ये 'कामेरा आंतेरिओर' म्हटलं, पुढची खोली. तिच्यामागे आणखी एक, 'कामेरा पोस्तेरिओर'. त्या पुढच्या खोलीच्या कोपऱ्यातून पाण्याचा निचरा नीट झाला नाही तर दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. म्हणजे पुन्हा चेंबर तुंबणंच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळावर निळा उजेड टाकून "समोर बघा" म्हटलं की मी शिस्तीत समोर बघतो आणि मनात म्हणतो, आत या, खोली रिकामीच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत कॅमेरे बसवण्याचा विषय निघाला. सेक्रेटरींनी एक नमुना आणला होता. लोखंडी हातावर लटकणारा नळकांड्यासारखा नव्हे, 'डोम कॅमेरा'. काळसर काचेचा पालथ्या वाटीएवढा घुमट, थेट छताला चिकटवायचा. जवळजवळ अडीच हजार वर्षं भटकून, गाडी, होडी, खोली, सभागृह, कोठडी, गटार असं सगळं करून हा शब्द परत छतावर जाऊन चिकटला होता, तोही घुमटाच्या आकारात. फरक पडला होता तो एकाच बाबतीत. पूर्वी त्याच्याखाली जाऊन बसलं की माणूस इतरांच्या नजरेआड व्हायचा. चावी लावायची ती त्यासाठीच होती. आता त्याच्याखाली आलं की माणूस नजरेत येतो, आणि कुणाच्या नजरेत ते माहीत नसतं. चित्र कुठल्या भिंतीवर पडतंय, तिथे कोण बसलंय, त्या खोलीला दार आहे का?

सभेत हे काही मी बोललो नाही. तिथे पार्किंग, जिना आणि लिफ्ट यांवर वाद चालला होता. गेटवर कॅमेरा हवा यावर सगळ्यांचं एकमत. जिन्यात नको असं अर्ध्यांचं. तळमजल्यावरच्या काकू इतका वेळ गप्प होत्या. संध्याकाळी जिन्याच्या पहिल्या वळणावर चार बायका त्यांच्याशी बोलत बसतात. सुनांच्या गोष्टी होतात, औषधांच्या होतात, कधी कुणी रडतंही. काकूंनी तो काळा घुमट हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि सेक्रेटरींना विचारलं, "भाऊ, हा लावल्यावर आम्ही बोलायला कुठे बसायचं?"

सेक्रेटरी म्हणाले, "अहो काकू, यात आवाज येत नाही, नुसतं दिसतं." काकूंचं त्याने समाधान झालं नाही. दुसरं कुणीतरी म्हणालं, मग गच्चीची चावी काकूंकडे देऊन टाका. त्यावर गच्चीचा जुना वाद उकरला गेला, पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला, आणि जिन्याचा विषय पुढच्या सभेवर गेला.